हिरवा हिराकस

माफ करून टाक, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी नाही केलं माफ. करणारही नाही.

नव्वदच्या आसपास मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या खत कारखान्याच्या लॅबमध्ये होते. कोपरच्या आमच्या आगरी घरातली मी पहिली बीएस्सी. कारखाना पिवळ्या पडलेल्या पिकांसाठी लोहाचं खत बनवायचा. पण चुनखडीच्या जमिनीत ते लोह मातीतच अडकून बसायचं, मुळांपर्यंत पोचायचंच नाही. मला वाटलं, लोह अगदी बारीक, काळ्या चुंबकी भुकटीच्या रूपात दिलं तर? दिवसाचं काम संपलं की मी थांबायचे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेटचे हिरवे खडे, फेरिक क्लोराइड, वरून अमोनिया. डोळे नुसते चुरचुरायचे. शेवटी एका संध्याकाळी बीकरमध्ये काळंभोर पाणी झालं आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बाहेरून लावताच सगळा गाळ सरसरत काचेला येऊन चिकटला. मी एकटीच नाचले.

आमच्या साहेबाने ते माझ्याकडून नीट समजून घेतलं आणि मालकांना सांगितलं की हा शोध त्याचा. माझ्याबद्दल म्हणे, ती मुलगी हाताखाली असते. त्यासाठी नवा विभाग निघणार होता. त्याचा प्रमुख म्हणून साहेबाचं नाव त्याच दिवशी ठरलं. ती जागा माझी होती! अंगाचा तिळपापड झाला, पण माझं ऐकणार कोण?

मग मालकांनी प्रयोग डोळ्यांनी बघायचा हट्ट धरला. साहेब कोरा अ‍ॅप्रन घालून आला. कपाटातून हिराकसाची बाटली त्यानेच काढली. आमच्याकडच्या दमट हवेत हिराकस टिकत नाही, हिरवे खडे वरून पिवळट-तांबूस होतात आणि मग ती काळी भुकटी होत नाही. मी दरवेळी वरचे काढून टाकून आतले हिरवेच घ्यायचे. त्याला कुठून ठाऊक असणार? पाचच्या ठोक्याला तो घरी. त्याने वरचेच गंजके खडे खुशाल चमच्याने घेतले. तरी मी म्हटलं, "साहेब, तो हिराकस..."

"तू मध्ये बोलू नकोस," तो म्हणाला. "मालक माझं ऐकायला आलेत."

बरं बाबा. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

अमोनिया पडला आणि बीकरमध्ये विटकरी चिखल झाला. त्याने लोहचुंबक डावीकडून लावलं, उजवीकडून लावलं, काचेवर घासलं. चिखल ढिम्म हलेना. मालक घड्याळ बघायला लागले. साहेबाच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मला, खरं सांगते, दिवाळी असल्यासारखं वाटत होतं. त्याने केविलवाणं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

विभाग निघालाच नाही. मलाही जागा मिळाली नाही, पण त्याला मिळाली नाही ना, मग झालं तर.

काही वर्षांनी कल्याणला भाजी मार्केटबाहेर तो भेटला. नोकरी सोडून स्वतःचं खत काढायच्या मागे होता, सगळी मदार त्याच काळ्या भुकटीवर, आणि ती काही केल्या जमत नव्हती. आता मला अहो-जाहो करत होता.

"मॅडम, त्या दिवशी माझं नेमकं काय चुकलं हो?"

मी जरा आठवल्यासारखं केलं.

"पाणी, साहेब. पाणी बदलून बघा."

त्याचा चेहरा असा उजळला! मला हात जोडले, देवासारख्या भेटलात म्हणाला. मीही हात जोडले आणि पुन्हा कुठे अडलं तर नक्की विचारा म्हणून सांगितलं.