तक्रार ऐकणारा माणूस

बीडहून तलवाड्याला येणाऱ्या दुपारच्या एसटीचा कंडक्टर माझ्यासाठी नेहमी एकच निरोप आणायचा. कागदात गुंडाळलेला लहानसा डबा हातात द्यायचा आणि म्हणायचा, "अप्पांनी दिलाय, चव सांगा म्हनले." गेली काही वर्षं तो डबा येणं बंद झालं होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मला स्टँडवर पाहून तो मुद्दाम खाली उतरला, तेव्हा त्याचे हात रिकामे होते. "बाई, चाकलेटवाले अप्पा गेले. काल माती झाली," एवढं बोलून तो परत गाडीत चढला आणि घंटी वाजली… महालिंगअप्पा बीडमध्ये चॉकलेटच्या वड्या करत. या पुरवणीच्या वाचकांना त्यांचं नाव माहीत असायचं काही कारण नाही. त्यांचा धंदा बुडाला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो माझ्यामुळे बुडाला असं मला वाटतं, आणि ते कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

मला तक्रारी करायची खोड होती. घरचे म्हणतात, हिला देवळातल्या प्रसादातही खडा सापडतो. एसटी उशिरा आली की मी डेपोला लिहिणार, रेशनच्या तांदळात माती निघाली की तहसीलला अर्ज देणार, पाठ्यपुस्तकात सोळा पानं कमी निघाली तर पुण्याला पत्र पाठवणार. तोवर एकाही पत्राला उत्तर आलेलं नव्हतं. एका वर्षी पंधरा ऑगस्टला सरपंचांनी लिमलेटच्या गोळ्यांऐवजी अप्पांच्या वड्या वाटल्या. पोरं खूश होती, पण थोड्या वेळाने बघते तर निम्मा वर्ग हापशावर चुळा भरतोय आणि एक पोरगी नखाने जीभ खरवडतेय. मीही एक वडी खाल्ली. आधी गोड लागली, मग टाळूला मेणासारखं काहीतरी बसलं ते संध्याकाळपर्यंत. वेष्टनावर पत्ता होता. मी नेहमीप्रमाणे पोस्टकार्ड लिहिलं. "आपली वडी खाल्ल्यावर टाळूला थर बसतो व तो पाण्याने जात नाही. मुलांना असे खायला घालू नये." टाकलं आणि विसरून गेले.

आठ-दहा दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात एक उंच, वाळका माणूस उभा. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, आणि हातात माझं पोस्टकार्ड. "ह्ये तुमी लिवलं का बाई?" मला वाटलं, भांडायला आलाय. पदर खोचून म्हटलं, "हो, मीच." तर त्यांनी चक्क हात जोडले. "खरं लिवलं तुमी. पामतेल हाय त्यात. भाईरून याया लागलंय, सोस्त पडतंय, आन् उन्हात वडी पघळत न्हाई म्हून घालतो. मांजरसुंब्याला धाब्यावर इचारलं, तर मालक म्हनला, डरायवर लोक वडी खाल्ली की वरून च्या मागतेत, तोंड साफ व्हाया. मंग मला सांगितलं कावून न्हाई, म्हनलं. तर म्हनतो, तुमचं मन कावून दुखवायचं अप्पा?" ते हसले नाहीत. पामतेल काढून टाकतो असा शब्द मला, एका परक्या बाईला, व्हरांड्यात उभ्या उभ्या देऊन ते पुढच्या गाडीने परत गेले.

आणि खरंच काढलं. कोकोचं लोणी दक्षिणेतून पार्सलने मागवायला लागले. ते फार नाजूक, म्हणून पहाटेच्या गारव्यात संगमरवरी फरशीवर चॉकलेट ओतून पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. दर महिन्याला कंडक्टरबरोबर डबा यायचा. मी काही कामाने बीडला गेले की अप्पा फरशीजवळ पाट मांडून माझ्या हातावर तुकडा ठेवत. मी तोंड उघडलं की म्हणत, "बोलू नका बाई, आधी इरघळू द्या." मग माझ्या तोंडाकडे टक लावून बसत. मला हसू यायचं. चौथ्या की पाचव्या खेपेला टाळू साफ राहिली. मी मान हलवली तेव्हा या माणसाचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तक्रारीने काहीतरी बदललं होतं, आणि मला त्याचा फार आनंद झाला. थोडा माजही चढला.

त्या माजानेच घात केला. नव्या वेष्टनाचा कच्चा छाप अप्पांनी मला पाहायला पाठवला. त्यावर त्यांनी स्वतः लिहिलं होतं, "पूर्वी या वडीत पामतेल होते. गिऱ्हाइकांच्या तक्रारीवरून काढले आहे." पहिलं वाक्य खोडा, असं मी म्हणायला हवं होतं. कुठलाही किराणेवाला म्हणाला असता. पण माझी नजर 'तक्रारीवरून' या शब्दावर खिळली. मी कागदाच्या कडेला 'उत्तम' असं लिहून परत पाठवला.

लोकांनी ते वाचलं. पूर्वी कुणाच्या गावीही नव्हतं की वडीत काय आहे. आता जो तो विचारू लागला, म्हणजे इतके दिवस लेकरांना काय चारलं? कुणी म्हणालं, पामतेल म्हणजे जनावराची चरबीच. खाई त्याला खवखवे, उगाच का कुणी असं छापतं! शिवाला बेल वाहिल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या माणसाच्या वड्या त्यांच्याच समाजाच्या लग्नातून परत आल्या. अप्पा घरोघर जाऊन समजावत फिरले. जितकं समजावलं तितका संशय वाढला. त्यात उन्हाळा आला. बीडच्या चैत्रात कोकोचं लोणी कसं टिकावं? चंदेरी कागदात नुसता चिखल. मांजरसुंब्याच्या धाब्यावर एका मोठ्या कंपनीने चॉकलेटसाठी फुकटात फ्रीज ठेवला होता, पण त्यात दुसऱ्याचा माल ठेवायची बंदी. मालकाने कळवळून अप्पांच्या वड्या पाण्याच्या माठाशेजारी ठेवल्या, त्यांना मुंग्या लागल्या. मुलगा पाया पडला, की पुन्हा पामतेल घालू, वेष्टन बदलू, कुणाला कळायचंय. अप्पा म्हणाले, "बाईला शब्द दिलाय." दोन वर्षांत धंद्याला कुलूप लागलं.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. अंगावर घोंगडी घेऊन ते त्या फरशीजवळच बसले होते. मी धीर करून म्हटलं, "अप्पा, मी ते कार्ड लिहायलाच नको होतं." ते म्हणाले, "तसं नगा म्हनू बाई. तुमचं खरंच व्हतं. पर लोकं कावून गेले, तेवढं मला उमगलं न्हाई." मला उमगलं होतं. तुम्ही ऐकलंत म्हणून लोक गेले, अप्पा. न ऐकणाऱ्यांचं काही बिघडत नाही. पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर मी कुणालाही तक्रार लिहिलेली नाही. एसटी अजून उशिराच येते.

अप्पा गेल्यानंतरच्या विधीच्या, शिवगण आराधनेच्या जेवणाला मी गेले. पंगत त्याच खोलीत होती. त्याच संगमरवरी फरशीवर बायका पुऱ्या लाटत होत्या आणि वर भिंतीला खिळ्याने ठोकलेलं माझं पोस्टकार्ड तसंच होतं, कडेला अप्पांच्या बोटांचे तपकिरी ठसे. मी त्याकडे पाहतेय हे बघून त्यांची सून वाढता वाढता थांबली. "काढू देत नव्हते. म्हनायचे, आपल्याला लई लोक भेटले, खरं बोलनारं ह्ये एकच." मी पुरीचा घास तोंडात घातला. दुसऱ्या घासाला टाळूवर तो थर बसला. तोच, पाण्याने न जाणारा. आता घरोघरी तेच तेल आहे, तिचा काय दोष. पंगतीत कुणालाही काही जाणवत नव्हतं.

"पुऱ्या कशा झाल्या बाई? काही कमी-जास्त असंल तर सांगा, तुमचं अप्पा ऐकायचे."

"छान झाल्यात," मी म्हटलं. तिने आणखी दोन वाढल्या, आणि मी त्या खाल्ल्या.