नफ्यापुरते भागीदार

दवाखान्यांचे लोखंडी पलंग बनवायची म्हणून तिला सगळे पलंगवालीच म्हणत. नवरा गेल्यावर त्याची वेल्डिंगची शेड तिनं अंगावर घेतली आणि हिमतीनं तिची कंपनी केली. पुढे एका मोठ्या इस्पितळाची ऑर्डर चालून आली. पलंगांवरचा रंग भाजायला नवी भट्टी हवी होती. बँकेचा मॅनेजर कर्ज द्यायला एका पायावर तयार होता, पण ती नको म्हणाली. व्याज हराम, ही गोष्ट तिच्या नवऱ्यानं पोटाला चिमटा काढून पाळली होती.

तेव्हा तिचे मामा पुढे आले. चामड्याचा जुना व्यापारी, पाच वेळचा नमाजी. पैसा त्यांचा, मेहनत हिची, नफा निम्मा निम्मा. मौलवीसाहेबांनी करार दोघांना फोड करून सांगितला : मामांना ठरावीक परतावा नाही, मुद्दल परत मिळण्याची हमीही नाही. हिच्या हलगर्जीशिवाय तोटा झाला, तर पैसा मामांचा बुडेल आणि मेहनत हिची. हमी दिली की तेही व्याजच. मामांनी मान डोलावली. विम्यात त्यांना जुगार दिसत होता, म्हणून त्यांच्या शब्दाखातर तिनं शेडचा विमाही बंद केला.

चार वर्षं धंदा जोरात चालला. मामा आपला वाटा घेत आणि चारचौघांत सांगत, की जोखीम घेतली म्हणून हा पैसा हलाल.

मग एका दुपारी रस्त्यावरच्या विजेच्या तारेची ठिणगी छपरावर पडली. भट्टी गेली, तयार माल गेला, शेडच्या नुसत्या काळ्या भिंती उरल्या. मामा दुसऱ्या दिवशी आले. तिला वाटलं, धीर द्यायला आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझं मुद्दल कधी देतेस?"

ती म्हणाली, "मामा, करारात तोटा तुमच्याकडे आहे."

"तू नीट सांभाळलं नाहीस, पोरी."

प्रकरण मौलवीसाहेबांकडे गेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हिची काही चूक नाही, मामांनी पैसा सोडायला हवा. मामांनी ऐकून घेतलं आणि हा घरातला मामला आहे म्हणाले. मग ते बहिणीकडे, म्हणजे हिच्या अम्मीकडे जाऊन रडले. म्हातारपणी भाचीनं रस्त्यावर आणलं, असं नातेवाइकांत पसरलं. अम्मीनं जेवण टाकलं. "माझ्या भावाचा पैसा टाक आणि मोकळी हो," एवढंच ती म्हणत राहिली.

शेवटी पलंगवाली त्याच मॅनेजरकडे गेली आणि राहतं घर गहाण टाकून व्याजानं कर्ज काढलं. सही करताना नवऱ्याची आठवण तिनं मुद्दाम येऊ दिली नाही. मामांना पैसा कुठून आला हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नोटा दोनदा मोजून घेतल्या.

उरलेल्या पैशात तिनं अर्धी शेड उभी केली. निम्मे कामगार काढावे लागले. त्यातले दोघे नवऱ्याच्या वेळचे होते. आता ते रस्त्यात दिसले की मान वळवतात.

पुढच्या हिवाळ्यात अम्मी आजारी पडून लेकीकडे राहायला आली, तेव्हा मामा तिला भेटायला आले. पलंगवालीनं चहा पुढे केला. त्यांनी कप हातानं बाजूला सारला.

"राग मानू नकोस. तुझ्या घरात आता व्याजाचा पैसा आहे. मला चालत नाही."

अम्मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पलंगवालीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण आजारी बाईच्या उशाशी कसलं भांडायचं? तिनं कप उचलला, मोरीत ओतला आणि कारखान्यात निघून गेली. तिथे कर्जाच्या हप्त्यापुरतं तरी काम पडलेलं होतं.