तीस टक्के पाय

"गाडी तुम्ही चालवा भाऊ, मी लॅपटॉप घेऊन बसतो," म्हणत अंकुश डावीकडच्या सीटवर बसला. मी स्टार्टर मारला. गाडीत काय बिघाड आहे ते मला सकाळीच कळलं होतं. बोललो नाही.

गाडी घनसावंगीकडच्या बाबूरावांची. ऊस आहे त्यांचा. टर्बो पेट्रोल गाडी. तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी : "हळू चालवली तं मख्खन. जोरात पाय दिला की झटके खाऊन राह्यली. पुढं जाऊ का नको, असं करती."

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. त्या दाबाला आम्ही बूस्ट म्हणतो. ॲक्सिलरेटर हलका दाबला तर बूस्ट जवळजवळ नसतोच, जोरात पाय दिला की येतो. ही दाबलेली हवा एका जाड रबरी पाइपातून जाते. पाइपाला बारीक भोक असलं तर एरवी कळत नाही. दाब आला की हवा बाहेर निसटते आणि गाडी झटके खाते.

सकाळी गेटपासून आत गाडी मीच आणली होती. चढावर जोरात पाय दिला, तेव्हा खालून डावीकडून फुस्स ऐकू आलं. सव्वीस वर्षं जालन्यात हेच काम केलंय. माझा कान चुकत नाही.

त्या कानाला एके काळी मान होता. "आधी भाऊंना ऐकू द्या," असं ग्राहक म्हणायचे. मग वर्कशॉपमध्ये गाडीचे आकडे वाचणाऱ्या स्कॅनरचा लॅपटॉप आला. त्याच्या ट्रेनिंगला पुण्याला एकालाच पाठवायचं होतं. मी नवीन शर्ट शिवून ठेवला होता. मॅनेजरनी अंकुशला पाठवलं. पिंपळगाव रेणुकाईचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी ज्युनियर. तो परत आला आणि ग्राहक त्याच्या लॅपटॉपभोवती उभे राहायला लागले. तो काही समजावून सांगायला लागला की मी हात धुवायला जायचो. त्या वर्षी माझे हात फार स्वच्छ राहिले.

तर, ट्रायल. अंकुशनं थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली होती. आता अंबड रोडवर गाडी ओढून बघायची होती. मी मांडीवर दह्याचं गाडगं ठेवल्यासारखी गाडी चालवली.

"जरा ओढा की भाऊ," मान खाली घालून आकडे बघत तो म्हणाला.

"ओढूनच राह्यलो ना. ट्रॅफिक बघ किती आहे."

रस्ता मोकळा होता. बूस्ट आलाच नाही, त्यामुळे झटका नाही. अंकुशनं जॉब कार्डवर 'ट्रायल ओके' लिहून सही केली. मला वाटलं, दोन दिवसांत गाडी परत येईल, याची जिरेल, मग मी बोट ठेवून पाइप दाखवीन.

गाडी तिसऱ्या दिवशी आली. डावा हेडलाइट फुटलेला. बाबूरावांच्या शेजारी त्यांची बायको, आमच्या काकू होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना गाडीनं ऐनवेळी पिकअप सोडला. समोरून टँकर. बाबूरावांनी गाडी रस्त्याच्या खाली घातली म्हणून दोघं वाचले.

"सही कोणाची?" मॅनेजरनी विचारलं.

"माझी," अंकुश म्हणाला.

"उद्या संध्याकाळपर्यंत बिघाड सापडला न्हाई तर लॅपटॉप जमा कर. अन् तू बी घरी बस."

खरं सांगतो. आधी माझ्या मनात आलं, लॅपटॉप आता माझ्याकडे येणार. मग माझं लक्ष काकूंच्या हाताकडे गेलं. या क्रमाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

संध्याकाळी अंकुशनं मला बोलावलं. ट्रायलचं रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये राहतं, हे मला माहीत नव्हतं. स्क्रीनवर रेघा होत्या. त्यानं एकीवर बोट ठेवलं.

"ही ॲक्सिलरेटरची. तीस टक्क्यांच्या वर गेलीच न्हाई भाऊ."

"ट्रॅफिक होतं ना."

"ब्रेकची बी रेघ आहे. एकदा बी दाबला न्हाई तुम्ही."

त्यानं लॅपटॉप मिटला.

"उद्या मी चालवतो. तुम्ही आकडे वाचा. मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यानं अंबड रोडला पाय पूर्ण दाबला. स्क्रीनवर दोन आकडे असतात : इंजिनानं मागितलेला दाब आणि मिळालेला दाब.

"वाचा."

"मागितला एक पॉइंट आठ. मिळाला... एक पॉइंट दोन."

गाडीनं झटका खाल्ला. खोटा आकडा सांगता आला असता. त्याची नजर रस्त्यावर होती.

"पाइप आहे," मी म्हणालो. "खालून, डावीकडचा."

त्यानं पाय काढला. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवशी गेटवर ऐकलं."

त्यानं तिथूनच वर्कशॉपकडे वळवली.

गाडी वर उचलली. खालचं प्लॅस्टिक कव्हर बांधावर घासून तुटलेलं, बाबूरावांनी ते बाइंडिंगच्या तारेनं आवळलेलं. तारेचं टोक पाइपावर घासून भोक पडलं होतं. पाइप बदलला, कव्हर नीट बसवलं. गाडी पळाली.

"कसं सापडलं?" मॅनेजरनी विचारलं.

"भाऊंनी आकडे वाचले. पाइप बी त्यांनीच सांगितला," अंकुश म्हणाला. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मॅनेजरनी माझी पाठ थोपटली. "शेवटी जुना कान!"

त्यानं सगळं सांगितलं असतं तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. एवढा मोठेपणाही त्याच्याचकडे निघाला, याचासुद्धा मला हेवा वाटला.

दोन महिन्यांनी अंकुश संभाजीनगरच्या वर्कशॉपला गेला. लॅपटॉप माझ्याकडे आला. काकू दर सर्व्हिसला येतात. प्लास्टर निघालं, पण चहाचा कप अजून डाव्या हातातच धरतात. पुढची सर्व्हिस जवळ आली आहे. या वेळी त्यांना सांगायचं ठरवलंय, म्हणून आधी इथं लिहून हात बसवून घेतला.

आता ट्रायलला मी डावीकडे बसतो. आधी ॲक्सिलरेटरची रेघ बघतो, बूस्टची नंतर. गाडी झटके खाते आणि मशीन काही दाखवत नाही, असं झालं तर आधी चालवणाऱ्याचा पाय तपासावा.