विहिरीच्या पानाला पासवर्ड

बाळांनो, परवा थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, विहिरीच्या पाण्याच्या आलेखाची रेघ सपाट दिसतेय. यंत्र बंद पडलंय का?" मी "बघते" म्हणून विषय बदलला. यंत्र चालू आहे. बोलताना सांगणं जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

गेल्या सुट्टीत तुम्ही आपल्या विहिरीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर सोडलात आणि टीव्हीखालच्या कपाटात छोटा संगणक ठेवलात. त्या संगणकात एक कंटेनर आहे. कंटेनर म्हणजे डबा, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र भरलेलं, असं थोरलीने मला समजावलं होतं. त्या डब्यातून फोनवर एक पान उघडायचं : विहिरीत किती फूट पाणी आहे. हळूहळू गल्लीतल्या बायकाही आधी ते पान बघून मग घागरी घेऊन येऊ लागल्या. शेजारची मेंढ्या राखणारी तर माझ्याआधी बघायची. "काकू, आज कमी हाय, एकच घागर नेते," म्हणायची.

मग थोरलीच्या लक्षात आलं, ते पान जगात कोणालाही दिसतंय. तिचं बरोबरच होतं. पानाला पासवर्ड घालायचं ठरलं. ती सांगत गेली, मी टाईप करत गेले. पहिल्यांदा पासवर्ड डब्याच्या आत ठेवला, तर डबा नव्याने उभा करताच तो पुसला गेला. मग त्याची फाईल डब्याबाहेर, संगणकावर ठेवली. तेव्हा टिकला.

दुसऱ्या सकाळी तीच शेजारीण फोन पुढे धरून दारात उभी.

"इहिरीला कुलूप घातलं व्हय, काकू?"

"विहीर उघडीच आहे गं. बाहेरच्यांनी पान बघू नये म्हणून केलं."

"आमी बाहेरचे व्हय?"

मी तिथल्या तिथे तिच्या फोनवर पासवर्ड घालून दिला. पान उघडलं. पाणी कालच्यापेक्षा बरंच खाली गेलेलं. वरच्या शिवारात नवा बोअर सुरू झाला होता, त्याने ओढलं असणार.

"आधी कुलूप, मंग टाकी भरून घ्यायची, मंग दाखवायचं," ती म्हणाली. "लई शिकलेलं घर हाय."

"गच्चीवर चल, टाकी बघ. रिकामी आहे."

"न्हाई, राहू द्या. दिसतंय की फोनात."

संध्याकाळपर्यंत मी सगळ्या घरी जाऊन पासवर्ड सांगून आले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. घागर घेऊन कोणी आलं नाही. पुढे पाणी तळालाच गेलं. आता टँकरच्या रांगेत मीही असते. मला पुढे जागा देतात, बोलत नाहीत. थोरले, तू पासवर्ड काढू म्हणशील. नको. काढला तरी बघायला कोण येणार?

विहीर कोरडी आहे. डबा चालू आहे, आणि पासवर्डही आहे तसाच आहे.