सुभाआक्काचं भेव

निवडणूक लागली की आमच्या गावातल्या प्रत्येक उमेदवाराच्या अंगात वारं शिरतं. "आपण कुणाच्या बापाला भीत नसतो" हे वाक्य मी अशा माणसांकडूनही ऐकलंय, जी बायकोला विचारल्याशिवाय चहा घेत नाहीत. सुभाआक्काचं सगळं उलटं. दोनदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेली ही बाई प्रचाराला निघाली की पहिल्याच दारात सांगायची, "बाई, मला लई भेव वाटायलंय." आणि कुणाचं वाटतंय, कशामुळं वाटतंय, हे नावगाव घेऊन सांगायची.

आमच्या भीमनगरात नळाची पाइपलाइन टाकताना ठेकेदारानं ती वीतभर खोलीवरच गाडली. आक्कानं कामावर सही द्यायला नकार दिला. ठेकेदाराच्या माणसानं तिला रस्त्यात गाठलं आणि "मावशी, एकट्या फिरता, जपत जा" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आक्का दळणाचा डबा घेऊन गिरणीत. डबा रांगेत ठेवला आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सगळ्यांना सांगितलं. तिथून रेशन दुकान, मग एस.टी.चा फाटा, मग एका बारशात पाळणा हलवता हलवता. तिसऱ्या दिवशी तोच माणूस तिच्या दारात हात जोडून उभा. "आक्का, मी तसं म्हणलो न्हवतो, लोक मला येऊन इचारायलेत." पाइपलाइन पुन्हा उकरली गेली.

मी तिचा शेजारी, जिल्हा परिषदेचा मास्तर. सरकारी नोकरानं राजकारणात पडू नये असा नियम आहे, आणि तो नियम मी फार मनापासून पाळतो. एकदा तिला विचारलं, "आक्का, भ्याले म्हणून गावभर सांगायला लाज नाही वाटत?"

"लाज कावून वाटावी? भेव पोटात ठिवलं की आपल्याला खातंय, गुरुजी. चारचौघांत सोडून द्यावं. मंग ज्यानं घातलं त्यालाच ते सांभाळावं लागतंय."

आक्काचा नवरा ऊसतोडीवर असतानाच तापानं गेला होता. मागं एकटी लेक, पूजा. ती रोज एस.टी.नं केजला नर्सिंगच्या कॉलेजात जायची. आक्का मात्र गावात एकही कार्यक्रम चुकवायची नाही. लग्न, बारसं, माती, जयंतीची मिरवणूक, हरिनाम सप्ताहाचा काला. बौद्ध वस्तीतली बाई सप्ताहाच्या मांडवात कशाला, असं कुणी कुजबुजलं की म्हणायची, "बोलावलं तर मानानं जायचं, न्हाई बोलावलं तर हक्कानं. मी समद्या गावाची मेंबर हाय." आणि पंगतीत भाताची बादली घेऊन फिरायची. तिच्या हातचा भात नको म्हणणारे आधी दोनचार होते, पुढं एकच राहिला. "त्याला भूकच कमी हाय," असं ती मोठ्यानं म्हणायची आणि दर साली त्याच्यापुढं हटकून बादली घेऊन थांबायची.

मग सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव सुटलं. गावात बापू नावाचे बडे बागायतदार. सरपंच कुणीही असो, शिक्का बापूंच्या ओसरीवर राहायचा. त्यांनी आपल्या सालगड्याच्या बायकोचा, आमच्याच वस्तीतल्या मंगलचा अर्ज भरला आणि निवडणूक बिनविरोध होणार असं जाहीर करून टाकलं. आक्कानं दुसऱ्या दिवशी आपला अर्ज भरला.

त्याच आठवड्यात मी शाळेतून येताना तिच्या दारातून दोन अनोळखी पोरं बाहेर पडताना बघितली. अंगावर इस्त्रीचे पांढरे कपडे. "येतो मावशी" म्हणून नमस्कार करून गेली. आता सकाळी आक्का गिरणीत जाणार, असं मला वाटलं. ती गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अंगणात तीच ती धुतलेली भांडी पुन्हा धूत बसली. "कोण आलं होतं?" विचारलं तर म्हणाली, "पाव्हणे." नावगाव घेऊन सांगणारी बाई त्या एका शब्दावर थांबली.

शेवटी ती आमच्या स्वयंपाकघरात आली, दार लावून घेतलं आणि माझ्या बायकोचा हात धरून बसली. "मला वाकडं कायबी बोलले न्हाईत. पूजाचं कौतुकच केलं. कोणत्या बसनं जाती, कोणत्या खिडकीला बसती, केजला उतरल्यावर कोण्या गल्लीतून जाती, समदं सांगितलं. च्या पिला. आन् जाताना म्हणले, मावशी, हे गिरणीत सांगायचं न्हाई बरं का."

बायको रडायला लागली. त्या दिवसापासून पूजाची बस यायच्या वेळी मी काहीतरी निमित्त काढून फाट्यावर जाऊन उभा राहायचो. बस थांबून ती खाली उतरली की मगच घराकडं वळायचो.

सप्ताहाच्या काल्याला मांडव गच्च भरलेला. कीर्तन संपलं आणि माइकवरून पुकारा झाला, "गावाच्या एकीसाठी माघार घेणाऱ्या सुभाबाईंचा सत्कार बापूंच्या शुभहस्ते!" माघारीचा शब्द तिनं कुणालाच दिला नव्हता. पण आमच्याकडं देवाच्या मांडवात शाल-श्रीफळ घेतलं, की ते सगळ्या गावासमोर दिलेलं वचन. नंतर मागं फिरायची सोय नाही. आक्का व्यासपीठावर चढली. बापूंनी शाल पांघरली, नारळ हातात दिला. नारळ तिच्या हातातून निसटून घरंगळला. बापूंनी स्वतः वाकून तो उचलला, हसत पुन्हा तिच्या ओंजळीत ठेवला आणि ओंजळ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोण वाजवत नाही हे बघणारी माणसं मांडवभर उभी होती.

दुसरा दिवस माघारीचा शेवटचा. आक्का म्हणाली, "गुरुजी, बोलू नका काई, फकस्त संगं बसा." आम्ही वडापच्या जीपनं केजला गेलो. तहसीलच्या आवारात गावोगावचे उमेदवार, त्यांची माणसं, पोलीस. बापूंची गाडी फाटकाशीच होती. मंगललाही आणलं होतं, नव्या साडीत, पायरीवर अंग चोरून बसलेली. बापूंची माणसं चहाला सरकली तशी ती आक्काजवळ आली.

"आक्का, मला लई भेव वाटायलंय."

"तुला कशाचं? तू तर सरपंच व्हायलीस."

"मला फकस्त सही करायला ठिवणारेत. उद्या काई घोळ निघाला तर जेलात मी जाणार. माझी लेकरं कोण बघंल? तुमी माघारीचा कागद देऊ नका."

"माझी पूजा हाय गं," आक्का म्हणाली.

"ठावं हाय मला. ओसरीवर भांडी घासत होते, तवाच बापूंचं त्या पोरांशी बोलणं झालं." आणि मंगलनं त्या दोन पोरांची नावं सांगितली. गावांसकट.

आक्कानं अंगावरच्या कालच्या शालीचं टोक चिमटीत धरलं. मला वाटलं, आता उठेल आणि आत जाऊन माघारीचा कागद देईल. मला तसंच व्हायला हवं होतं, खरं सांगतो. पोरीपुढं कसलं आलंय सरपंचपद! ती उठली, पण आत गेली नाही. आवाराच्या मधोमध उभी राहिली. "ऐका हो समदे! मला भेव वाटायलंय!" तिचा आवाज चिरकला. तरी तिनं पोरांची नावं घेतली, पूजाची बस सांगितली, कालचा सत्कार सांगितला. मंगलचं नाव तेवढं घेतलं नाही. माणसं गोळा झाली, कुणीतरी मोबाइल काढला, पोलिसानं वही काढली, तहसीलदार साहेब बाहेर आले. बापूंची माणसं चहाचे कप हातात घेऊन फाटकातच थबकली. माघारीची वेळ संपली तरी आक्का बोलतच होती.

तिथूनच आम्ही पूजाला कॉलेजातून घेतलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पुण्याच्या गाडीत बसवलं. आक्काचा भाऊ तिथं असतो.

आक्का निवडून आली. गुलाल उधळला, आणि पहिला हार घेऊन आले ते बापूच. हार घालता घालता मायेनं म्हणाले, "पोरगी कुठं असती आता? दिसंना." आक्का हसली. "असती तिच्या कामावर." मी शेजारीच होतो. तिच्या कपाळावरच्या गुलालातून घामाचा ओघळ खाली आला.

पुढं माझी बदली माजलगावकडं झाली. त्याआधीच्या जयंतीला मिरवणुकीत सगळ्यांत पुढं सरपंच सुभाआक्का चालत होती. बापूही दोन पावलं सोबत चालून गेले. पूजा तोवर पुण्यात एका दवाखान्यात नर्स झाली होती. गाव सोडल्यापासून ती एकदाही परत आली नव्हती. आक्कानं तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डोक्याच्या वर धरून रथ दाखवला, निळे झेंडे दाखवले, नाचणाऱ्या मैत्रिणी दाखवल्या. एवढ्या ढोलताशांतही पूजाचा आवाज मला ऐकू आला, "मम्मी, पुढच्या जयंतीला येऊ का?"

आक्कानं फोन तोंडाजवळ घेतला, आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दिसलं न्हवं समदं? मंग झालं. तू येऊ नको, बाळा."