किरकोळ जखमी

अपघातात कुणाला किती मार लागतो, याचं संख्याशास्त्रीय मॉडेल बांधायला मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका पोलीस चौकीत नोंदी उतरवायला जायचो. तिथले एक हवालदार मोजकंच बोलायचे आणि वाक्याशेवटी ‘बराबर?’ म्हणून माझ्याकडे बघत राहायचे. एकदा त्यांनी एका नोंदीवर बोट ठेवलं.

“ह्या बाबाला मीच किरकोळ जखमी लिवलं. दोन वर्षं झाले, अजून खाटेवरून उठून न्हाई राहिला. तुमी गंभीर धरा, बराबर?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सुट्टी असली की जातो. घरी बसून काय करू? कोण हाय माझं तिथं?”

मी दुरुस्ती केली. पुढच्या खेपेला त्यांनी अशा बऱ्याच जणांची यादी हातात दिली. प्रत्येक नावापुढे भेटीची तारीख होती. हवालदारांची वर्षभरातली एकही सुट्टी त्यातून सुटली नव्हती.