डोळे मिटून सांगितलेलं

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. त्याच वर्षी मी आणि माझ्या बायकोनं मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. मी पन्नाशीला टेकलेला, चिखलीच्या एका कचेरीत कारकून. माझं कॉलेज दुसऱ्या वर्षीच सुटलं होतं. ती बारावी झालेली. अमडापूरच्या स्टँडवर एका जुन्या मित्रानं विचारलं, "काऊन बे, दोघं एकाच बाकावर बसता का?" मी हसून वेळ मारून नेली. एकाच बाकावर बसत होतो खरे. अभ्यासकेंद्र मेहकरला होतं, आणि रविवारच्या वर्गाला जाताना बसमध्येही आमच्या मांडीवर पुस्तकं उघडी असायची.

कल्पना माझी होती, पण तिचं मूळ गावातल्या बुद्धविहारात होतं. आमच्याकडे पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं. वंदना झाली की एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. बरीच वर्षं वाचणारा मीच. आवाज बरा आणि अडखळत नाही, एवढीच माझी लायकी. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया पांढरी लुगडी नेसून भिंतीला टेकून बसायच्या. वर पंखा कुरकुरत फिरायचा, बाहेर बेडकं ओरडायची, आणि माझ्या आवाजात एकेकीची मान खाली जायची. मलाही कधी कधी वाटायचं की मी वाचत नाही, कुणाला तरी जोजवतो आहे. मग घरी परतताना, चिखल चुकवत, माझी बायको त्यांना तेच सगळं पुन्हा सांगायची. मी मागून बॅटरी धरून चालायचो. त्या बाया तेव्हा जाग्या व्हायच्या. "मंग काय झालं वं?" असं विचारायच्या. कुणी मधेच थांबून रडायची, कुणी हसायची. मी वाचलेलंच ते, पण मी वाचताना त्यात एवढं काही आहे हे मला दिसलेलं नसायचं.

म्हणून अभ्यासाची रीतही तिनंच ठरवली. रविवारी वर्ग नसला की दुपारी विहार रिकामा असायचा. गार फरशीवर आम्ही बसायचो. एकानं एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं डोळे मिटून तो आपल्या शब्दांत सांगायचा आणि मग दोघांनी लिहायचं. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये हे डोळे मिटणं तिला लागायचंच. मी ते करत नसे. मला सांगायची पाळी आली तर मी पुस्तकातलीच दोन वाक्यं घोकून म्हणायचो.

त्या दुपारी आठवतात तेव्हा मला आधी उजेडच आठवतो. वरच्या झरोक्यातून तो तिरपा यायचा, त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगायचे, आणि ती डोळे मिटून बोलत असायची. स्थलांतरावरच्या पाठातून एकदा तिनं मेंढ्यांचा एवढा मोठा कळप चालवला की मला फरशीवरून खुरांचा आवाज गेल्यासारखं वाटलं. पुस्तकात त्याबद्दल फक्त 'हंगामी स्थलांतर' एवढे दोन शब्द होते.

मग पाणवठ्यांवरचा पाठ आला. 'पाणवठ्यांवरील प्रवेश सामाजिक नियमांनी नियंत्रित होता,' असं एक वाक्य मी वाचलं. तिनं डोळे मिटले. मग म्हणाली की नांदुऱ्याकडच्या एका गावात तिच्या आईची आजी विहिरीपासून लांब उभी आहे. घागर खाली ठेवली आहे. घागरीला हात लावून उभं राहिलं तर ओतणारी बाई येत नाही, म्हणून ती हात मागे बांधून उभी आहे. तिची सावली हळूहळू पायाखाली येते आहे, आणि ती सावलीला म्हणते आहे...

तिथं मी तिला थांबवलं.

म्हटलं, हे पुस्तकात नाही. परीक्षक मार्क कापतील. उत्तरात आजी आणत नाहीत, मुद्दे आणतात. मी अगदी प्रेमानं सांगितलं, तेच जास्त वाईट. तिनं डोळे उघडले, "बरं," म्हणाली आणि वही ओढली. सावलीला ती काय म्हणाली असती, ते मी कधीच ऐकलं नाही. माझ्याही घरात अशीच एक म्हातारी होती. तिच्याबद्दल मी आजवर एक ओळ लिहिली नाही की कुणाला सांगितली नाही. मला पुढं जायचं होतं, आणि पुढं जाणं म्हणजे छापल्यासारखं बोलणं, असं मी कॉलेज सोडल्यापासून धरून बसलो होतो. ज्या रीतीनं मी स्वतः अर्ध्यावर अडकलो, तीच मी तिला शिकवली.

ती हुशार. चार महिन्यांत तिची उत्तरं माझ्याहून छापील झाली. मेहकरच्या केंद्रावरच्या सरांनी तिच्या स्वाध्यायावर 'उत्तम' लिहिलं. मी ते पान मुलीला फोनवर पाठवलं आणि दोन दिवस छाती काढून हिंडलो.

पुढच्या वर्षावासात विहारातल्या मंडळींनी तिला वाचायला आणि अर्थ सांगायला बसवलं. बी.ए.ला शिकते आहे म्हटल्यावर मान मिळालाच पाहिजे. तिनं वाचलं, मग अर्थ सांगितला. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, सारांश. एकही चूक नव्हती. बाया भिंतीला टेकून ऐकत होत्या आणि माना खाली जात होत्या. परतताना रस्त्यात कुणी काही विचारलं नाही. शेवटी तिची एक मैत्रीण, जिची जीभ गावभर प्रसिद्ध आहे, हसत म्हणाली, "माय वं, पहिले तू सांगे तं झोप उडे. आता तू सांगतं तं झोप लागते. नवऱ्याचा गुण लागला तुले." सगळ्या हसल्या. माझी बायकोही हसली. मी मागं बॅटरी घेऊन होतो. तिचा चेहरा दिसला नाही.

घरी आल्यावर ती पाटावर बसून राहिली. मग म्हणाली की तिला परीक्षेला बसायचं नाही. मला वाटलं, मैत्रिणीचं लागलं असेल. म्हटलं, तिचं काय मनावर घेतेस.

"तिचं नाही घेत," ती म्हणाली. "माह्या डोयाचं झालं काहीतरी. डोये मिटले की मले आता पानच दिसते. छापलेलं. मांगं काहीच नाही त्याच्या."

मी तिला नंतर बऱ्याचदा म्हटलं की चुकलो, तू तुझ्या पद्धतीनं सांग. पण मोडलेलं परत आण म्हटल्यानं येत नाही, उलट माझं ते सांगणंही तिला हुकमासारखंच लागत असणार. ती स्वयंपाक करायची, विहारात जायची, पुस्तकं कपाटावर ठेवून द्यायची. वर्षावास संपला. परीक्षेचा फॉर्म तिनं भरला नव्हता. मी माझाही भरला नाही. तिला त्याचा रागच आला.

कार्तिकातल्या एका रविवारी ती विहार झाडायला गेली होती. मी पुस्तक घेऊन मागं गेलो आणि काही न बोलता फरशीवर बसलो. झाडून झाल्यावर तिनं हात धुतले, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "आज मी वाचतो. तुम्ही सांगा."

मी म्हटलं, मला येत नाही.

"माहीत हाय. डोये मिटा."

तिनं रेल्वे आणि कापसावरचा परिच्छेद वाचला. रेल्वेमुळं वऱ्हाडातला कापूस दूरच्या बाजारांशी जोडला गेला, असं काहीसं. मी डोळे मिटले. आधी अक्षरं दिसली. तिला दिसायचं तसं पानच. मी सवयीनं सुरुवात केली की दळणवळणाच्या सोयींमुळे, आणि थांबलो. पाणी शिंपडून झाडलेल्या फरशीचा ओला वास येत होता. बाहेर कुठंतरी पोरं विट्टीदांडू खेळत होती, तो आवाज लांब लांब गेला, आणि बऱ्याच वेळानं एक फलाट दिसला.

"नांदुऱ्याचं स्टेशन आहे," मी म्हटलं. "फार जुनं. कापसाच्या गाठी रचल्या आहेत. वर एक माणूस झोपला आहे."

"कोण हाय?"

"माहीत नाही. तोंड पलीकडं आहे. केसांना कापूस चिकटला आहे."

"चप्पल हाय पायात?"

मी पाहिलं. खरंच पाहिलं. "नाही."

यापुढं मला काही दिसेना. तेवढंच होतं माझ्याजवळ. पन्नास वर्षांत पहिल्यांदा न वाचलेलं काहीतरी मी बोललो होतो, आणि ते इतकं थोडं निघालं. मला लाज वाटत होती. आणि तेवढ्यात ती बोलायला लागली. हळू, चाचपडत. म्हणाली, तो रात्रभर बैलगाडी हाकत आला आहे. बैल खाली बांधले आहेत, त्यांना इंजिनाची भीती वाटते आहे. त्याला स्वप्नात दिसतं आहे की कापूस पुन्हा बोंडात जाऊन बसला. स्टेशनच्या मागंच व्यापारी आहे, त्यानं भाव ठरवला आहे, सकाळी याला सांगेल.

पुस्तकात असं नव्हतं. भाव नांदुऱ्यात ठरतच नव्हता, पुढच्याच परिच्छेदात तसं होतं. मी तो पाठ आधीच वाचलेला होता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं. मी डोळे उघडले नाहीत आणि तोंडही नाही.

ती स्वतःच थांबली. पानं उलटल्याचा आवाज आला. ती पुढचा परिच्छेद मनात वाचत होती. मला तिच्या श्वासावरून कळत होतं की ती वाक्याच्या शेवटी पोचते आहे आणि परत मागं येते आहे.

"भाव इथं नव्हताच ठरत," ती म्हणाली. "समुद्रापल्याड ठरे. म्हंजे व्यापाऱ्यालेही ठाव नव्हता. म्हंजे हा झोपेल होता तवाच तिकडं ठरून गेला."

मग वही उघडल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले तेव्हा ती वही मांडीवर घेऊन लिहीत होती. भराभर नाही. एक ओळ लिहायची, पुस्तकात बघायची, समोरच्या भिंतीकडं बघायची, पुन्हा लिहायची. झरोक्यातला उजेड सरकत तिच्या वहीच्या दिशेनं आला होता आणि मी त्याच्या मधे बसलो होतो. मी थोडा बाजूला सरकलो.